वीतभर अंतर

कोल्हापुरात पहिला जबडा मोडला तो एका लग्नात, अक्षता पडायच्या आधी.

नवरदेवाचा मामा मांडवाच्या तोंडाशी फेटा सावरत उभा होता. फेटा डोक्यापेक्षा जरा मोठा झाला होता, एवढंच. बँडातला क्लॅरोनेटवाला त्याच्याकडं बघून हसला. कुचेष्टेनं नव्हे, आपलं सहज. मामा होमिओपॅथीचा डॉक्टर. साखरेच्या गोळ्या देऊन देऊन स्वभावही तसाच झालेला. पण समोरचा हसला मात्र, आणि मामाची कंबर फिरली, कंबरेमागं खांदा, खांद्यामागं मूठ. मूठ गेली ती क्लॅरोनेटच्या नळीसकट त्या माणसाच्या तोंडात. बँड थांबला होता, त्यामुळं हाड मोडल्याचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू आला. माणूस खुर्च्यांची रांग घेऊन मागं कोसळला आणि अंतरपाटाच्या पांढऱ्या कापडावर रक्ताचा सडा पडला. त्या सड्यात दात होते.

मामा स्वतःच्या मुठीकडं बघत उभा. मुठीची कातडी फाटून आतलं हाड दिसत होतं.

"मी न्हाई मारलं," तो म्हणाला. "हात गेला."

बायका किंचाळल्या, कुणी पाणी म्हणालं, कुणी पोलीस म्हणालं. तिसऱ्या रांगेत हिंदुराव इंगळे मुठीत अक्षता धरून बसला होता, त्या त्याच्या मांडीवर गळून पडल्या. कारण तो ठोसा त्याच्या ओळखीचा होता. आधी कंबर, मग खांदा, मग मूठ, आणि मूठ पोचायच्या आत डावा पाय अर्धं पाऊल बाहेर. असा ठोसा जगात एकाच जागी मारला गेला होता, 'गुऱ्हाळावरचा सूड' नावाच्या जुन्या सिनेमात, उसाच्या रसाच्या उकळत्या काहिलीच्या काठावर. आणि तो खाणारा होता खुद्द हिंदुराव.

हिंदुरावानं उभ्या जन्मात कुणाला मारलं नव्हतं. मराठी सिनेमात ज्याला म्हणून दंड होते, त्या प्रत्येकानं मात्र हिंदुरावाला एकदा तरी लोळवलं होतं. तो खलनायकाचा डुप्लिकेट. माडीवरनं पडायचं, काचेतनं आरपार जायचं, विहिरीत उलटं जायचं, ही सगळी त्याची कामं. आणि चाळीस वर्षं एवढा मार खाऊन त्याच्या तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते. तेच त्याचं सर्टिफिकेट. कारण सिनेमातली मारामारी मारणारा करतच नाही. तो नुसता हात फिरवतो, तोंडापासनं वीतभर लांबनं. ती वीत भरून काढतो तो मार खाणारा. वेळेवर मान फेकायची, गाल थरथरवायचा, पाय सोडायचे. मान लवकर गेली तर पब्लिक हसतं, उशिरा गेली तर दात जातात.

हे बाहेर बोलायचं नाही, अशी फाइटरांची शपथ होती. खंडेनवमीला सगळे यल्लाप्पा वस्तादाच्या घरी जमायचे. पाटावर रबरी सुरे, साखरेच्या काचेच्या बाटल्या आणि थर्माकोलचे धोंडे मांडायचे, त्यांना हळदकुंकू वाहायचे, आणि नारळावर हात ठेवून म्हणायचे: 'लागलं नाही' असं पब्लिकला कधी सांगणार नाही. वस्ताद गेला, स्टुडिओ गेले, धोंडे उंदरांनी कुरतडले. हिंदुरावानं शपथ तेवढी सोडली नाही, आणि सगळं रामायण तिथंच घडलं.

रिटायर झाल्यावर तीन जुन्या दोस्तांनी मिळून एक पॉडकास्ट काढला होता. नाव 'खारे शेंगदाणे'. बंद पडलेल्या एका थिएटरच्या प्रोजेक्टर केबिनमध्ये माइक लावून तिघं बसायची. एक हिंदुराव. दुसरी पमा माने. तिचा जन्म त्याच थिएटरच्या बुकिंगच्या खिडकीमागं गेलेला. अर्धं कोल्हापूर तिला नुसत्या बोटांवरनं ओळखायचं आणि उरलेलं अर्धं तिच्या शिव्यांवरनं. तिसरा बाबालाल मुल्लाणी, पोस्टर रंगवणारा पेंटर. नायिकेच्या डोळ्यात तो जो पांढरा ठिपका ठेवायचा, त्या ठिपक्यापायी टांगेवाले भाडं सोडून थिएटरपुढं उभे राहायचे. आता पॉडकास्टच्या प्रत्येक भागाला तो एक छोटं पोस्टर रंगवायचा, हातानं, तैलरंगात.

तिघं एक जुना सिनेमा काढायची, तासभर भांडायची, आणि शेवटी पमा खिडकीतल्या आवाजात विचारायची, "मग शिकवण काय?" मग हिंदुराव मिशीवरनं हात फिरवून शिकवण सांगायचा. लोक त्यासाठीच ऐकायचे.

"जन्मभर मार खाल्लास मेल्या," पमा त्याला पहिल्याच भागात म्हणाली होती, "आणि सांगताना मारणाऱ्याच्या बाजूनं सांगतोस?"

"शपथ हाय, पमे."

"शपथ कसली, मिशी हाय. मिशीला बरं वाटतंय."

बाबालाल हसून हसून खोकला होता. तेव्हा हसणं स्वस्त होतं.

मग आला चिंचोका. कंपनीनं त्याला काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं, पण तो दिसायचा चिंचोक्यासारखा आणि कानामागं चिकटायचा, म्हणून कोल्हापुरानं त्याला चिंचोका म्हटलं. मूळचा तो लकव्याच्या रोग्यांसाठी. तो लावून रोग्यानं दुसऱ्याला चमचा उचलताना महिनाभर बघितलं, की रोग्याचाही हात आपोआप चमच्याकडं जायचा. मग धडधाकट लोकांनी तो लावला. पोहण्याचे व्हिडिओ बघून पोरं कोरडी असतानाच पोहायला शिकली. सुनांनी नुसत्या बघून पुरणपोळ्या केल्या आणि सासवांचा दरारा गेला. आणि मग लोक चिंचोका लावून सिनेमे बघायला लागले, सिनेमांवरच्या गप्पा ऐकायला लागले.

'गुऱ्हाळावरचा सूड'चा भाग त्याच दिवसांतला. हिंदुरावानं तो प्रसंग असा रंगवला, की पमासुद्धा शेंगदाणे चघळायची थांबली. काहिलीत रस उकळतोय, खलनायक नायकाच्या तोंडावर हसतोय, नायकाची कंबर फिरते, खांदा येतो, आणि धाड! ऐकणाऱ्यांच्या मुठी घरबसल्या वळल्या. शेवटी पमानं विचारलं, "मग शिकवण काय?"

हिंदुराव म्हणाला, "तोंडावर हसणाऱ्याला तोंडानं उत्तर द्यायचं न्हाई. हातानं द्यायचं."

"वा रं माझ्या वाघा!" पमा म्हणाली, आणि तिघं हसत हसत मिसळ खायला गेली.

लग्नातला मामा हा भाग रोज सकाळी दाढी करताना चिंचोका लावून ऐकायचा.

मामानंतर काही दिवसांतच गावात काय काय झालं ते सांगायला घेतलं तर कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण टाक्यांची गणती दवाखान्यांत आहे. मिसळीच्या दुकानात कटाचा रस्सा सांडला म्हणून एक गिऱ्हाईक हसलं, आणि वाढप्यानं त्याचं डोकं फरसाणाच्या परातीत असं घातलं की परातीचा पत्रा कपाळात रुतला. एका सोसायटीच्या सभेत सेक्रेटरीची जीभ अडखळली, चौघं हसले, आणि सेक्रेटरीनं चौघांची नाकं ओळीनं फोडली. मग त्यातल्या एकानं, ज्याच्याही कानामागं चिंचोका होता, सेक्रेटरीची बरगडी मोडली.

आणि तळ्याकाठचा हास्यक्लब! सकाळची कोवळी उन्हं, रिटायर मंडळी गोल करून उभी, पुढारी म्हणाला "एक, दोन, तीन," आणि सगळे नेहमीसारखे हात वर करून हसले. निम्म्यांनी चिंचोका लावलेला. पुढच्या क्षणी सत्तरीतले देशपांडे साठीतल्या पाटलांच्या छातीवर बसून ठोसे घालत होते, पाटलांच्या पत्नी आपल्याच विहिणीचा कान दातात धरून होत्या... नाही, दात हे शिकवणीत नव्हते, ते त्यांचे स्वतःचे. फिरायला आलेले लोक मधे पडले. त्यांतला एक घाबरून हसला. त्याचा खुबा मोडला. तळ्याच्या पायरीवर चष्मे, कवळ्या आणि रक्त, आणि मधे उभा राहून पुढारी ओरडत होता, "शांतपणे श्वास घ्या! श्वास घ्या!" त्यालाही पडली.

त्यानंतर कोल्हापूर हसायचं बंद झालं. रस्त्यात माणसं तोंडावर रुमाल धरून चालायची. पाळण्यातलं पोर खिदळलं तरी आया त्याचं तोंड दाबायच्या. कंपनीनं सांगितलं, उपकरण नाचगाण्यासाठी आहे, मारामारीसाठी नाही. चिंचोके काढून फेकले लोकांनी, पण हात जायचा तो जायचाच.

हिंदुरावानं स्वतः चिंचोका कधी लावला नव्हता. पमाला कानात आधीच एक यंत्र होतं. लावायचा तो बाबालाल. पोस्टर रंगवताना त्याला आपल्याच गप्पा ऐकायची सवय होती. गुऱ्हाळाचं पोस्टर रंगवायला त्याला आठवडा लागला. आठवडाभर ब्रश चालत होता आणि कानात हिंदुरावाचा ठोसा.

पहिल्यांदा त्यानं पानवाल्याला मारलं. पानवाल्याच्या तोंडातलं पान आणि रक्त एकाच रंगाचं, त्यामुळं किती लागलं ते आधी कळलंच नाही. दुसऱ्यांदा जावयाला. जावई जेवता जेवता कुठल्याशा विनोदावर हसला, आणि त्याच्या डोळ्याखालचं हाड आत गेलं. लेक माहेरी यायची बंद झाली, आणि मग एका दुपारी नाइलाजानं तिनं चार वर्षांच्या नातीला, रुख्सारला, तासभर आजोबांकडं ठेवलं.

बाबालालच्या नाकाला निळा रंग लागला होता. रुख्सार हसली.

त्याची कंबर फिरली. खांदा आला. आणि बाबालालनं, तेवढ्या क्षणात, डाव्या हातानं शेजारचं सागवानी दार ओढून स्वतःच्या उजव्या हातावर घातलं. कोपराखाली काहीतरी काडकन वाजलं. पोरगी रडायला लागली. तो दार पुन्हा घालत होता, पुन्हा घालत होता, हात लुळा पडेपर्यंत. शेजाऱ्यांनी हिंदुरावाला फोन केला. तो पोचला तेव्हा बाबालाल उंबऱ्यात बसला होता. दाराच्या कडेवर कातडी चिकटली होती.

"हिंद्या," तो म्हणाला, "माझा हात बांध. पाठीमागं. घट्ट बांध."

हिंदुरावानं गळ्यातला पंचा काढला आणि दोस्ताचा हात पाठीशी बांधला.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर पद्मजा उपाध्ये होत्या. लकव्याच्या रोग्यांवर चिंचोका पहिल्यांदा वापरणाऱ्यांपैकी एक. त्यांच्या स्वतःच्या ओठाला टाका होता. एका रोग्याला धीर द्यायला त्या हसल्या होत्या.

"बाबालाल काका, दुसऱ्याला हात उचलताना बघितलं, की आपल्याही मेंदूत हात उचलायची बारीक तालीम होते," त्यांनी समजावलं. "पण मेंदूला ब्रेक असतो, म्हणून ती हातापर्यंत पोचत नाही. चिंचोका ती तालीम पकडतो आणि लहान लहान चुंबकी टिचक्या मारून खोल बसवतो, जिथं सायकल चालवणं बसलेलं असतं तिथं. सायकल चालवताना तुम्ही विचार करता का?"

"मग सिनेमा बघून गाव बिघडलं म्हणा," हिंदुराव आशेनं म्हणाला.

"सिनेमानं नाही, काका. गप्पांनी. आठवण ही गुळासारखी असते. एकदा थिजली की ढेप. पण आपण दोस्तांत बसून ती पुन्हा काढली, की ती पातळ होते, आणि थिजताना जो साचा मिळेल तो आकार घेते. बघितलेला सिनेमा तुम्ही लोकांच्या डोक्यात वितळवलात, आणि साचा दिलात तुमचा. मारणाऱ्याचा. ज्याच्या ठोशानं कुणालाच काही होत नाही, समोरचा पुढच्या सिनेमात पुन्हा उभा. हातांना वाटतंय, हे असंच असतं."

हिंदुरावानं आपल्या मिशीवरचा हात खाली घेतला.

कायदा नवा होता: ज्या हातानं दोनदा रक्त काढलं, त्या हाताची नस सुईनं कायमची झोपवायची. बाबालालला दीड महिन्यानंतरचा सोमवार मिळाला होता. तोवर मोडलेलं हाड जुळलं असतं, बोटं शाबूत होती. पण सोमवारनंतर त्या बोटांत ब्रश टिकला नसता.

"पुसता न्हाई का येत?" बाबालालनं विचारलं.

"ढेप पुसत नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "वितळवून नवा साचा देता आला तर... पण तो साचा कुणाकडं आहे?"

केबिनमध्ये तिघं बसली. बाबालालचा हात प्लास्टरात आणि प्लास्टर पंच्यानं बांधलेलं. भिंतीला त्यानं रंगवलेली सगळी पोस्टरं. मग पमा म्हणाली,

"चाळीस वर्षं एवढा लोळलास, तुझं हाड का न्हाई मोडलं कधी?"

"वीत," हिंदुराव म्हणाला.

"मग ती वीत दे की लोकांना! साचा कुणाकडं हाय म्हणून विचारत हुती ती बाई. तुझ्या मानंत हाय साचा, म्हाताऱ्या!"

"शपथ, पमे."

"यल्लाप्पा वर बसून थर्माकोलचे धोंडे पुजतोय. हा हितं बसलाय." तिनं बाबालालकडं बोट दाखवलं. "बोल, कुणाची बाजू धरायची?"

बाबालाल हळूच म्हणाला, "जाऊ दे ग. डाव्या हातानं शिकंन."

"गप. डाव्या हातानं तुला नीट चहा पिता येत न्हाई."

हे बोलताना तिला हसू येत होतं आणि तिनं ते दातांखाली दाबलं. हिंदुरावानं ते बघितलं, आणि तिथंच त्याचं ठरलं.

सोमवार जवळ आला तसा डॉक्टरांनी गावभर सांगावा धाडला: ज्यांचा हात जातो त्यांनी रविवारी सकाळी फेकलेला चिंचोका पुन्हा लावून, हातपाय मोकळ्या जागेत ठेवून, 'खारे शेंगदाणे' ऐकावं. धोका त्यांनी हिंदुरावाला आधीच सांगितला होता. जुना प्रसंग सांगून आठवण वितळवायची, आणि ती वितळलेली असताना चूक झाली, तर चूकच थिजणार. आणि साचा नुसत्या शब्दांनी बसणार नव्हता. अंगावर खरंखुरं घडावं लागणार होतं.

हाड जुळलं होतं; रविवारी केबिनमध्ये बाबालालचं प्लास्टर कापून काढलं. डॉक्टर आणि पमा भिंतीशी. जमिनीवर थिएटरच्या खुर्च्यांच्या फाटक्या गाद्या अंथरलेल्या. हिंदुरावाच्या सदऱ्याला छोटा माइक.

"मंडळी," तो म्हणाला, "यल्लाप्पा वस्ताद, आधी तुम्ही माफ करा. गुऱ्हाळात मला लागलं न्हवतं. कदीच लागलं न्हाई. मूठ माझ्या तोंडापास्नं वीतभर लांब हुती. आज मी मारणाऱ्याची गोष्ट सांगणार न्हाई. डोळं मिटा, माझ्या जागी उभं ऱ्हावा. काहिलीची धग पाठीला लागतीय. समोर माणूस हाय, तुम्ही त्याच्यावर हसलाय. मुठीकडं बघू नका, मूठ खोटं बोलती. खांद्याकडं बघा. खांदा चहाडी करतो."

पमानं बाबालालच्या कानामागं चिंचोका चिकटवला आणि त्याचा पंचा सोडला.

"बाबालाल," हिंदुराव म्हणाला, "तुझं पहिलं पोस्टर आठवतंय का? हिरॉईनच्या हाताला सहा बोटं काढलीस. अख्खं गाव मोजायला आलं!" आणि तो खदखदून हसला.

बाबालालचे डोळे रडत होते. कंबर मात्र फिरली. खांदा आला. हिंदुरावाची मान चाळीस वर्षांच्या सवयीनं मागं गेली, मूठ त्याच्या मिशीला वारा घालून निघून गेली आणि म्हातारा धाडकन गादीवर पडला. पडता पडता बोलत होता, "मान... मग खांदं... मग पाय सोडा... हनुवटी छातीला."

उठला. पुन्हा हसला. पुन्हा मूठ, पुन्हा गादी. गावात घराघरांत माणसं चटईवर, सतरंजीवर, जोत्यावर मान फेकत होती.

तिसऱ्या वेळी गुडघा अडकला. मान केसभर उशिरा गेली. मूठ नाकाला चाटून गेली आणि रक्ताची धार मिशीतनं तोंडात आली. बाबालाल ओरडला, "बास, हिंद्या! बांध मला!"

हिंदुराव गादीवर बसून धापा टाकत त्याच्या हाताकडं बघत होता. हात अजून वळलेलाच होता. हाताला काय कळलं होतं? एवढंच, की समोरचा पडतो आणि उठतो. पडणारे शिकले होते. मारणारा काहीच शिकला नव्हता. आणि रुख्सारला मान फेकता येत नव्हती.

तो उठला. पाय रोवून उभा राहिला. पमानं तिकीट विकता विकता हजार माणसांचे चेहरे वाचले होते; तिला कळलं.

"हिंद्या, नको."

"मंडळी," हिंदुराव म्हणाला, "आता एकदाच, मारणाऱ्याच्या जागी या. बाबालालच्या जागी. समोर मी हाय, तुमचा बालपणीचा दोस्त. मी हसतोय." आणि तो हसला. खोटं नव्हे. सहा बोटांची ती बाई खरंच त्याच्या डोळ्यापुढं आली होती.

खांदा आला. मान मागं जायला निघाली. आयुष्यात त्यानं बैल थोपवले होते, जळतं दार खांद्यानं धरलं होतं, पण स्वतःची मान जागेवर धरणं हे सगळ्यांत जड काम होतं. त्यानं ती धरली.

मूठ पोचली.

आवाज माइकमधनं सगळ्या गावानं ऐकला. सिनेमातल्यासारखा 'ढिशुम' नव्हे, ओला, लहान, ओली काटकी मोडल्यासारखा. हिंदुराव मागं उडाला नाही. सिनेमात उडतात. तो जागच्या जागी, पोतं रिकामं झाल्यासारखा खाली बसला. जबडा एका बाजूला लोंबला. तोंडातनं रक्त आणि पांढरे तुकडे त्याच्या सदऱ्यावर, माइकवर. बाबालालच्या मुठीत हिंदुरावाचा एक दात रुतून राहिला होता. तो त्याच्याकडं बघत गुडघ्यावर आला आणि जनावरासारखा ओरडला.

डॉक्टर धावल्या. हिंदुरावानं हात वर करून त्यांना थांबवलं आणि पमाकडं बघितलं. पमाला कळेना, मग कळलं. तिचा खिडकीतला आवाज पार फाटला होता.

"मग..." ती म्हणाली, "शिकवण काय?"

हिंदुरावानं तोंडातलं रक्त थुंकलं. जबडा हातानं धरला.

"लागलं," तो म्हणाला.

सोमवारी डॉक्टर उपाध्यांनी बाबालालला खुर्चीत बसवलं आणि शिकाऊ डॉक्टरांना त्याच्या तोंडावर हसायला लावलं. पोरं आधी भीत भीत, मग मोठमोठ्यानं हसली. बाबालालचा हात वर आला, आणि समोरच्याच्या तोंडापासनं वीतभर अंतरावर थांबला. थरथरला, पण पुढं जाईना. सुई कपाटात परत गेली.

गावात तसंच झालं. दोन-चार ठिकाणी हात उठले आणि वीतभर लांब अडकले, आणि समोरचे सवयीनं मान टाकून उताणे पडले, कुणालाही न लागता. हळूहळू लोकांनी रुमाल सोडले. आजही कोल्हापुरात कुणी हसलं की ऐकणाऱ्याची मान झटकन मागं जाते, आणि पाहुण्यांना वाटतं, काय ही माणसं, अशी मान टाकून मनसोक्त हसतात! चौकात वाहतूक पोलिसानं गाडी थांबवायला हात केला, की पहिले पंधरा दिवस स्कूटरवाले स्कूटरसकट आडवे व्हायचे. क्लॅरोनेटवाल्यानं त्याच मामाच्या मुलीच्या लग्नात नव्या दातांनी वाजवलं म्हणतात. ते मी ऐकलेलं, बघितलेलं नाही.

बाबालाल दवाखान्यात आला तेव्हा हिंदुरावाचा जबडा तारांनी बांधलेला होता आणि पमा त्याला नळीनं ताक पाजत होती.

"बरं झालं बांधलं," ती म्हणाली. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा शांतता हाय."

बाबालालनं कागदाची गुंडाळी उलगडली. शेवटच्या भागाचं पोस्टर. हिंदुरावाचा चेहरा, तुटका जबडा, रक्तानं भिजलेली मिशी, आणि डोळ्यात तो पांढरा ठिपका.

"चेहरा रंगवायला घेतला की हात कागदापास्नं वीतभर लांबच थांबायचा," तो म्हणाला. "मग ब्रशला वीतभर बांबूची कामटी बांधली."

हिंदुरावाला हसू आलं. तारा खेचल्या, डोळ्यांतनं पाणी आलं. बाबालाल पुढं झाला. त्याला ते पाणी पुसायचं होतं. हात उचलला, गालाकडं नेला, आणि तो थांबला. वीतभर अलीकडं. बाबालालनं जोर लावला, मनगटाच्या शिरा फुगल्या, हात पुढं जाईना. त्याचं तोंड कसनुसं झालं.

हिंदुरावानं सवयीनं आधी खांद्याकडं बघितलं. मग उशीवरनं मान उचलली, आणि ती वीत नेहमीसारखी त्यानंच भरून काढली. या वेळी पुढं.